दोनशे बारा तुकड्यांचं घर

उंबरणपाडा, ता. पेठ
८ डिसेंबर १९३६

नवसाबाईंस,

मायना काय लिहावा यातच दोन कागद फुकट गेले. बाईमाणसाच्या नावामागे काय लावायचं ते जगाने ठरवून ठेवलंय, आणि तुमच्या बाबतीत जे ठरवलंय ते मला मान्य नाही. म्हणून नुसतं नाव.

मी कोण ते आठवतं का? नाशकाच्या इस्पितळातली खाट नंबर नऊ. विषमज्वर, एकवीस दिवस. कपाळावरच्या पट्ट्या फेकून देणारा, आणि शेवटच्या दिवशी तुमचा हात धरून ‘मी परत येईन’ म्हणणारा. तुम्ही हात सोडवून घेतलात आणि म्हणालात, “दुखणाईत सगळे असंच म्हणतात.” मी तसा नव्हतो. अजूनही नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक नसेल. आजारातून उठून कॉलेजात गेलो, तर प्रोफेसरसाहेबांनी भर वर्गात नर्सबायांवर विनोद केला. पोरं हसली. मी दौत भिरकावली. दौत फळ्याला लागली, शाई साहेबांच्या कोटावर. म्हणाले, माफी माग. नाही मागितली. कॉलेज सुटलं, वडिलांनी बोलणं सोडलं. आता देवळालीच्या एका कंत्राटदार शेठचा कारकून म्हणून या डोंगरात येऊन पडलोय.

पण काम ऐकलंत तर थक्क व्हाल. लोकल बोर्डाचा दवाखाना बांधायचाय, आणि तो बांधायचा नाहीच मुळी, जोडायचा! नाशकात, भद्रकालीतल्या खाजामिस्त्रींच्या कारखान्यात अख्खं घर तयार झालंय. खांब, तुळ्या, फळ्यांच्या भिंती, दारं, खिडक्या, पत्रे मिळून दोनशे बारा तुकडे. प्रत्येकावर तांबड्या रंगात नंबर. कागदावर नकाशा, नकाशावर तेच नंबर. अकरा बैलगाड्यांतून घर सावळघाट चढून आलं. एका गाडीत भिंती, एका गाडीत नुसत्या खिडक्या. गाडीवान म्हणाला, “साहेब, घर गाडीत बसून येतं, मग माणसानं पायी का चालावं?”

विलायतेत आता गावंच्या गावं अशी उभी राहतात म्हणे. सदरा शिवून मिळतो तसं घर मिळायचं. नको झालं की बोल्ट काढा, दुसरीकडे लावा. ज्यांना कोणी भाड्याने खोली देत नाही, जात विचारतात, नातं विचारतात, त्यांनी आपलं घर गाडीत घालावं आणि चालू लागावं. कशी आहे कल्पना?

या दवाखान्यात बाळंतपणासाठी एक नर्स राहणार आहे. तीन खोल्यांतली एक तिची. बोर्ड जागा भरतंय. अर्ज करा, नवसाबाई. एवढंच सांगायला हे पत्र.

चंदर

*

नर्सेस क्वार्टर, नाशिक
१७ डिसेंबर १९३६

रा. रा. चंदरराव यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. ते मेट्रनबाईंच्या हातून पोचतं, एवढं ध्यानात असू द्यावं.

उंबरणपाड्याच्या जागेसाठी माझा अर्ज तुमचं पत्र येण्याच्या आठ दिवस आधीच गेला होता. जागा मला मिळाली आहे. मार्चअखेर रुजू व्हायचं. हे लिहिते ते गैरसमज नको म्हणून.

घर तुम्ही उभं करत आहात, तर तीन गोष्टी विचारते. नर्सच्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला आहे? पाणी किती लांब? आणि दाराला आतून कडी आहे का?

दौत फेकायला नको होती. शाई धुतल्याने जात नाही.

नवसाबाई

*

उंबरणपाडा
२४ डिसेंबर १९३६

नवसाबाई,

आठ दिवस आधी! मी सांगण्याआधीच! गैरसमज नको म्हणता, पण याला काय म्हणायचं ते मी मनात म्हणून घेतो.

खिडकी पूर्वेला. समोर नाल्याची उतरण आणि पलीकडे करवंदीचं रान. मी आज तिथे नुसता उभा राहिलो. भिंत नाही, खिडकी नाही, चार खुंट्या ठोकलेल्या. तरी तुम्ही खिडकीशी बसलेल्या दिसलात. झरा दोनशे दहा पावलांवर, मोजून आलो. तुमची पावलं लहान, दोनशे चाळीस धरा. खिडकी कुठे, पाणी किती लांब, हे प्रश्न बाई कधी विचारते हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

आता इथला तमाशा ऐका. पाड्यावरचा म्हातारा रावजी घरं उभारण्यात इकडचा वाकबगार, म्हणून त्याला आणि दहा गड्यांना कामावर घेतलं. मी टपालासाठी पेठेला गेलो तेवढ्यात या शहाण्याने काय करावं? बारातले सात खांब उलटे रोवले! ज्या टोकाला नंबर ते टोक खाली, असं मी दहादा सांगितलेलं. याने नंबर वर केले. बोल्टांची भोकं वीतभर वर गेली, एक तुळई बसेना.

मी म्हटलं, “हे काय केलंस?”

त्याने शांतपणे तीन नंबरचा खांब उपसला, मध्यावर दोरी बांधून आंब्याच्या फांदीला टांगला. एक टोक हळूहळू खाली झुकलं. “हा बुडखा. जड हाय. गाठीबी बघ, फांदी कुनीकडं चालली व्हती. तुजा नंबर शेंड्याकडं हाय.”

“मग?”

“मग काय? झाड डोक्यावर उभं ऱ्हातं का? शेंडा भुईत गाडला तर घर उलटं जगतं. आत बाळातीन टिकत नाय.”

मी कागद त्याच्या नाकापुढे धरला. त्याने पाहिलासुद्धा. मग म्हणाला, “दादा, तुजा कागुद खरा. पन कागुद बाळात होत नाय.”

गडी हसले. माझं डोकं फिरलं. नको ते बोललो. ‘रानटी’ हा त्यातला सर्वांत सौम्य शब्द. म्हाताऱ्याने कुऱ्हाड खांद्याला लावली आणि डोंगराकडे चालता झाला. मागून दहाही गडी. त्यांतला एक पुंजा तेवढा थांबला, तोही विडी पेटवण्यापुरता. म्हणाला, “बोलून घर होत नाय, दादा,” आणि गेला.

जाऊ देत. खाजामिस्त्रींना निरोप धाडलाय. दोनशे बारा तुकडे मी एकट्याने जोडीन, तुमच्यासाठी.

चंदर

*

नाशिक
२ जानेवारी १९३७

रा. रा. चंदरराव यांस,

रावजीचं बोलणं तुम्ही हसण्यासाठी लिहिलंत. मी दोनदा वाचलं आणि हसू आलं नाही.

इस्पितळात बाळंतिणी येतात त्या उशाखाली विळा ठेवतात. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा ओरडल्या होत्या. आता विळा उकळून घेऊन त्याच पुन्हा उशाखाली ठेवतात. विळ्याने काय होतं ते मला माहीत नाही. विळा काढून घेतला तर बाई पहाट व्हायच्या आत घरी पळून जाते, एवढं माहीत आहे.

त्या डोंगरात मी यायचं ते बायकांनी माझ्याकडे यावं म्हणून. त्या आल्या नाहीत तर मी तिथे कोण? खिडकीशी बसलेली बाई. तुम्हाला ती दिसली म्हणता. मला ती व्हायचं नाही.

प्रश्न तीन विचारले होते, उत्तरं दोनच आली.

नवसाबाई

*

उंबरणपाडा
१९ जानेवारी १९३७

नवसा,

रागावू नकोस, ‘बाई’ गळलं, आणि ते आता मी परत लावणार नाही. घर उभं राहिलं! अकरा दिवसांत! खाजामिस्त्री स्वतः चार माणसं घेऊन आले. सगळे खांब नंबराप्रमाणे, नकाशाप्रमाणे. एक भोक इकडचं तिकडे नाही. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा मिस्त्रींनी पान थुंकून सांगितलं, “लकडी म्हणजे लकडी, चंदरभाऊ. एकदा कारखान्यात आली की तिला ना शेंडा, ना बुडखा. तिला फक्त नंबर.” हेच तर नवं युग आहे. जिथे नेऊ तिथे घर, जसं हवं तसं घर, कोणाच्या आजाला विचारायला नको!

पाड्यावरची मंडळी लाजरी आहेत, लांबूनच बघतात. येतील हळूहळू. तू आल्यावर येतील.

आता खरं ते लिहितो, मेट्रनबाईंनी वाचलं तर वाचोत. मी शेठला गळ घालून इथली राखणदारी मागून घेतली आहे. औषधांची खोली आणि तुझी खोली यांत फळ्यांची एक भिंत आहे, नंबर एकशे चार ते एकशे तेरा. अलीकडे मी राहीन. जग काय म्हणायचं ते म्हणो, जग इथून तीस मैलांवर आहे. आणि तुझी हरकत नसेल तर त्या दहा फळ्या काढायला अर्धा तास पुरे. तुझ्याशी लग्न करायचंय मला. पुनर्विवाह म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी माझ्याकडे अजून दौती आहेत.

माणसं गेल्यापासून इथे बोलायला कोणी नाही. पत्रे उन्हाने तडतडतात, तेवढाच आवाज. मी नकाशा काढतो आणि प्रत्येक नंबराशी तुझं काय होईल ते बसवत राहतो. सत्तावन्न नंबरला तुझं लुगडं वाळत असेल. एकाहत्तरला तू डोकं टेकशील.

हो, कडी. दार कोठाराच्या साच्यावर झालंय, त्यामुळे कडी-कोयंडा बाहेरून आहे, आतून नाही. पण त्याचं एवढं काय घेऊन बसलीस? मी आहे की! मी असताना तुला कडी कशाला?

तुझाच,
चंदर

*

नाशिक
३० जानेवारी १९३७

चंदरराव,

हे पत्र मी मेट्रनबाईंना दाखवून टाकते आहे. पाकीट चिकटवायला त्यांनी आधीच खळ काढून ठेवली आहे.

माझं सासर येवल्याचं. घरात पैठणीचे तीन माग. नवरा गेला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मागांच्या मागे एक खोली होती, ती मला दिली. त्या खोलीला कडी बाहेरून होती. सकाळी माग सुरू झाले की सासूबाई कडी काढत. मी दिवसभर कांड्या भरत असे. दिवे लागले की कडी लावत. सहा वर्षं.

ती माणसं वाईट नव्हती. मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मी एकदा दिराजवळ आतून कडी मागितली. तो हसून म्हणाला, “आम्ही आहोत की, वहिनी. आम्ही असताना तुला कडी कशाला?”

तुमच्या पत्रात तेच शब्द दिसले. तुम्ही खिडकी दिलीत, पाणी मोजलंत, लुगडं कुठे वाळेल तेही ठरवलंत. दोनशे बारा तुकड्यांना नंबर आहेत, त्यांत माझाही एक धरलात. मला विचारलं मात्र नाहीत. मी विचारलं त्याचंही उत्तर दिलं नाहीत.

मला राग आला आहे, पण तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. एकवीस दिवस तुम्हाला पाहिलं आहे. तापातसुद्धा तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पाणी द्या म्हणून भांडत होता.

मी मार्चअखेर येणार. ती नोकरी माझी आहे. पण तुम्ही तिथे असाल तर येणार नाही, आणि बायका येणार नसतील तर येऊन उपयोग नाही. तुम्हीच लिहिलं होतं, नको झालं की बोल्ट काढा, पुन्हा लावा. मग काढा की. जे घर उलगडता येतं ते चुकलं तर दुरुस्त करता येतं. वाड्यांना ही सोय नव्हती.

नवसाबाई

*

उंबरणपाडा
१४ मार्च १९३७

नवसाबाई,

पाच आठवडे उत्तर दिलं नाही. तीन पत्रं लिहिली होती. पहिल्यात तुम्हाला निष्ठुर म्हटलं, दुसऱ्यात स्वतःला, तिसऱ्यात सगळ्या येवल्याला. फाडली तिन्ही.

मागे एक खोटं लिहिलं होतं. ‘लाजरी आहेत, लांबून बघतात’ म्हटलं, तसं नव्हतं. ती बघतसुद्धा नव्हती. बाजाराची वाट दवाखान्याच्या ओट्याला लागून जाते. घर उभं राहिल्यापासून पाड्यावरच्या बाया ती वाट सोडून, काटेरी बांधावरून, नाल्यात उतरून पलीकडून चढायच्या. तुमचं पत्र आलं त्यानंतरच्या बाजारी रावजीची सून तानुबाई डोक्यावर पाटी घेऊन निघाली. पोट पुढे आलेलं, सातवा-आठवा महिना असेल. सरळ वाट पन्नास पावलांची. ती थांबली, घराकडे एकदा पाहिलं, आणि बांधाला वळली. काट्यात लुगडं अडकलं. मी ओट्यावरून ओरडलो, “अहो, इकडून जा!” तिने वळून पाहिलं नाही. मला एकदम वाटलं, आपण या अख्ख्या घरासकट उलटे उभे आहोत.

चार दिवस तसेच काढले. मग रावजीकडे गेलो. तो अंगणात कुडाला बांबू बांधत होता. मी कुडाशी जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, “शिव्या देयाला आला का पानी पेयाला?”

मी माफी मागितली. प्रोफेसरसाहेबांची मागितली नाही ती, पुरी, पायाला हात लावून. म्हातारा म्हणाला, “पाय सोड. बांबू धर.” संध्याकाळपर्यंत बांबू धरला.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. दोनशे बारा नंबरापासून उलटं मोजत सुरुवात केली. पत्रे, फळ्या, खिडक्या, तुळ्या. नकाशा उलटा वाचायचा, बस. सहा दिवसांत घर गवतावर निजलं. शेठला कोणीतरी कळवलं. ‘विचारल्यावाचून काम उलगडलंत, कामावरून कमी केलं आहे,’ अशी दोन ओळींची चिठ्ठी आली. खिशात घातली आणि गिरमिट फिरवत राहिलो. सागाला वीतभर खाली नवी भोकं पाडणं म्हणजे काय ते माझ्या तळहातांना विचारा. रावजी प्रत्येक खांब टांगून बघायचा, मग मला बघायला लावायचा. बुडखा जड असतो, नवसाबाई. डोळे मिटून उचललं तरी आता कळतं.

पहिली मेढ रोवली तेव्हा तानुबाई आली. खड्ड्यात मूठभर नागली टाकली. माझ्याकडे बघून म्हणाली, “आता सुईन आन.” मी म्हटलं, “येतेय.” एवढंच आमचं संभाषण.

दाराचा कडी-कोयंडा बाहेरून काढला. तोच आतून बसवला. दाराला बाहेर आता चार रिकामी भोकं तेवढी आहेत. बसतो का बघायला मी आत जाऊन कडी लावली. थोडा वेळ तसाच बसलो. कोणी येऊ शकत नव्हतं. आजवर दार बंद झालं की कोंडल्यासारखं व्हायचं. काल पहिल्यांदा तसं झालं नाही. मग उठलो, कडी काढली, बाहेर आलो आणि लक्षात आलं, आता हे दार बाहेरून मला लावताच येत नाही. नुसतं ओढून घेतलं.

उद्या सकाळच्या गाडीने निघतो. तुम्ही याल तेव्हा मी नसेन. खाजामिस्त्रींनी कारखान्यात जागा दिली आहे. एकशे चार ते एकशे तेरा या फळ्यांना दोन-दोन बोल्ट जास्तीचे मारलेत.

झऱ्याची पावलं तुमची तुम्ही मोजा.

चंदर

*

उंबरणपाडा
११ एप्रिल १९३७

चंदरराव,

मुक्काम बदलला म्हणून कळवते. आता पत्र थेट माझ्या हाती येतं.

आल्यावर आठ दिवस कोणी फिरकलं नाही. मी ओट्यावर बसून कापसाच्या घड्या करायची आणि बाजारची वाट बघायची. वाटेने बायका जायच्या, पण सरळ, ओट्याला लागून, हे मी पाहत होते. नवव्या दिवशी दुपारी रावजी आला. बारा खांबांना एकेक करून हात लावत फिरला, आणि मागे वळून म्हणाला, “आन तिला.” तानुबाईला मुलगी झाली. मूल पायाळू होतं. घरी असती तर काय झालं असतं ते रावजीला आणि मला माहीत आहे. कालपासून आणखी दोघी नाव सांगून गेल्या.

तुमचे तांबडे नंबर आता वर आढ्याजवळ उलटे दिसतात. निजल्यावर समोर सात येतो, डोक्यावर उभा. जुनी भोकं रावजी मेणाने बुजवणार होता. मी राहू द्या म्हटलं. एका भोकात कोळ्याने घर केलं आहे, त्याला नकाशा लागला नाही.

औषधं घेऊन आलेला गाडीवान सांगत होता, कारखान्यात तुम्ही आता प्रत्येक खांब आधी दोरीने टांगता आणि मगच नंबर घालता. खाजामिस्त्री वैतागतात म्हणे, “एका घराला दोन दिवस जास्त लागतात.” लागू देत.

इथे फार एकटं वाटतं. तुम्हालाही वाटलं असेल, तुम्ही ते दुसरंच काहीतरी समजलात. मी ते जसं आहे तसंच ठेवते. दिवे लागल्यावर स्वतःच्या हाताने कडी लावते, सकाळी स्वतःच्या हाताने काढते. सहा वर्षं जो आवाज भिंतीपलीकडून ऐकला तो आता माझ्या बोटांतून निघतो. तुम्ही बसवलीत ती जरा घट्ट आहे. वर उचलून सरकवावी लागते. तेल घातलं नाही. उचलल्यावाचून निघत नाही ते बरं आहे.

झरा दोनशे सदतीस पावलं.

पत्र लिहीत जा. इकडे येण्याबद्दल मी आज काही म्हणत नाही, आणि दार उघडीन असं वचन तर देतच नाही. पण कधी कामानिमित्त या वाटेने आलात, तर दार वाजवा. मी आतून विचारीन, कोण आहे.

नवसाबाई